उतरायचं आहे

दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं, रनिंग की वॉकिंग?
मी म्हटलं, वल्हवायला.
तो आत गेला. शेठ बाहेर आले,
त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं
आणि फुलाफुलांच्या पावसाळी सँडल काढायला लावल्या.

बाजारात पापलेटचे कल्ले उघडून बघावेत
तसा एकेक जोड मी उलटा करून पाहिला.
वर जाळी, चकाकी, नारिंगी पट्टे.
खाली तळ गुळगुळीत,
कधी कुठे गेलेलाच नाही असा.

कोलशेतला उल्हास दिवसातून दोनदा दिशा बदलते,
म्हणून कुणी तिला नदी म्हणतं, कुणी खाडी.
ओहोटीला धक्क्याचा उतार अर्धा उघडा पडतो,
शेवाळावर गाळाची पातळ साय,
कडेला कालवं, ब्लेडसारखी.
गेल्या मार्चमध्ये, सेलमधल्या कॅनव्हासच्या बुटांत
इथे मी एक पाऊल टाकलं,
दुसरं टाकायची वेळच आली नाही.
डाव्या घोट्यात आता दोन स्क्रू आहेत
आणि डावा पाय उजव्याहून अर्ध्या नंबरानं मोठा.
दुकानं जोडीनं विकतात.

ओजस शिकवतो. वय चोवीस.
म्हणाला, काकू, पाणी निघून जायला भोकं हवीत,
टाच धरून ठेवणारा पट्टा हवा, बोटं झाकलेली हवीत.
लेस नको, आत कुठेतरी अडकते,
आणि उलटलात तर पाय सुटायला हवा.
उलटलात तर, हे त्यानं
चहा घेणार का, अशा सुरात म्हटलं.

मग मी जोड मागवत गेले.
बाथरूमच्या फरशीवर साबण, वर तांब्याभर पाणी,
नळ धरून उभी राहायचे,
हळूच नळ सोडायचे.
बाहेरून हे विचारायचे, बरी आहेस ना?
चार जोड परत गेले.
कुरियरवाला दारातूनच म्हणायला लागला,
आज पण नाही जमलं का?

धाकलीबाय त्याच उतारावरून अनवाणी जाते,
डोक्यावर टोपली, खाली बघतसुद्धा नाही.
"बूट कनाला गो? बोटां रोवायची."
तिची बोटं पंख्यासारखी सुटी, गाळात एकेक वेगळं काम करणारी.
मी करून पाहिलं.
माझी बँकेत एकतीस वर्षं बंद बुटात बसली,
धाकट्या बोटाला तर
आपण बोट आहोत हेही आठवेना.

शेवटी कळवा नाक्याला अहिरे.
पुढ्यात रापी, ऐरण, डब्यात सोल्युशन.
म्हटलं, टायरचा तळ लावता का?
"टायर कोरड्या रस्त्याचं, बाई."
त्यांनी काळ्या रबराचा तुकडा काढला,
त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. खूण उमटली.
"नख रुततं ते दगडाला धरतं.
लवकर झिजेल मात्र, ते आधीच सांगतो."
मग, जे एवढ्या दुकानांत कुणी विचारलं नव्हतं:
"चढायचंय का उतरायचंय?"

उतरायचं.

"मग टाचेला बारीक चरे पाडतो, आडवे.
माणूस घसरतो तो टाचेवर."

दोन जोड घ्यावे लागले, एक सहाचा, एक साडेसहाचा.
साडेसहाचा डावा, सहाचा उजवा,
दोघांना एकाच रबराचा तळ.
उरलेले दोन त्यांनी सुतळीनं बांधून खिळ्याला अडकवले.
म्हणाले, असेल कुणी उलट्या पायाचं.

शनिवारी भरती साडेसातची होती, मी सहालाच गेले.
उतारावर पाऊल ठेवलं, वजन टाकलं,
तळाखालून पाणी पिळून निघाल्याचा
च्युक असा आवाज आला, लहान मुलाच्या बुटासारखा.
ओजसनं हात पुढे केला होता.
मी तो धरला, खोटं कशाला सांगू.

पण परवा कळव्याहून येताना पाहिलं,
तो दुसरा जोड अजून तिथेच लटकतोय, थोडा धुळकट.
एवढ्या ठाण्यात कुठेतरी ती असणार,
तिचा उजवा मोडलेला,
कुठल्या तरी ओल्या पायरीपाशी
अजून उभी.